आवाज मले आला होता

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या 25 वर्षांचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. मी एका साध्या विषयावर बोलणार आहे. आपल्या रस्त्यावर उभ्या असणाऱ्या गाड्यांचं सामान चोरीला जातं, त्याबद्दल.

इथे घरं बांधली तेव्हा बहुतेकांकडे सायकल नाही तर स्कूटर होती. फाटकं त्याच मापाची केली. आता चारचाकी आली, पण ती फाटकातून आत जात नाही, रात्रभर रस्त्यावर. मग कोणाची बॅटरी जाते, कोणाची स्टेपनी, कोणाचे आरसे. आपण म्हणतो, "जाऊ द्या राजेहो, गाडी तर नाही नेली!" मीही तेच म्हणत होतो.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मेळघाटाच्या पायथ्याची थंडी परतवाड्याच्या माणसाला काय सांगायची! रात्री अडीचच्या सुमारास रस्त्यावर लोखंड वाजल्यासारखं झालं. जाग आली. वाटलं, कोणाची तरी गाडी बिघडली असेल. खिडकी उघडायचा कंटाळा केला, रजई ओढली आणि झोपलो.

सकाळी मागच्या ओळीतल्या पोराने आपली ईको सुरू केली, तर ट्रॅक्टरसारखा आवाज! खालचा सायलेन्सरच गायब. हा पोरगा शाळेची लेकरं नेतो, सुटीच्या दिवशी चिखलदऱ्याचं भाडं मारतो. घर त्याच गाडीवर चालतं. त्याची आई एकेकाला विचारत होती, "कोणालेच कसा आवाज नाही आला हो?" मी तिथेच उभा होतो. गप्प राहिलो.

सायलेन्सर चोरून कोणी काय करतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पेट्रोल गाडीचा विषारी धूर कमी करायला धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर. 2021 साली ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीच्याही वर गेला होता. त्याच सुमारास पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिककडे ईकोचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले. ईकोच्या खाली हात घालायला सोपं. चोर ती जाळी फोडून तिची 'माती' विकतात. त्यांची मिनिटांची कमाई, आपल्या पोराची आठ दिवसांची गाडी बंद. तोवर लेकरांच्या आईबापांनी दुसरी सोय पाहिली.

आता खरी गोष्ट पुढे आहे. चौथ्या दिवशी त्याला कोणीतरी जुना सायलेन्सर देऊ केला. नव्याच्या तिसऱ्या हिश्शात, बिल नाही. त्याने मला विचारलं, "काकाजी, घेऊ का?" मी शहाण्यासारखा म्हणालो, "घे ना बाबा, बिलाचं काय लोणचं घालतं?" तो जरा थांबला. म्हणाला, "काकाजी, हा बी कोणाच्या तरी गाडीचाच असन ना?" आणि त्याने उसनवारी करून नवा बसवला.

त्या वाक्याने माझी झोप उडवली. चोर कोणाच्या भरवशावर चोरी करतो? स्वस्त, बिनबिलाचा माल घेणाऱ्या तुमच्या-माझ्या भरवशावर. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीला, म्हणजे कलम 303 ला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणाऱ्याला, कलम 317 खाली, तेवढीच. कायद्याने दोघांना एकाच पंगतीत बसवलं आहे.

म्हणून माझ्या चार विनंत्या. एक, बिलाशिवाय सामान घेऊ नका. दोन, बॅटरीवर, सायलेन्सरवर गाडीचा नंबर कोरून घ्या. असा माल विकणं अवघड जातं. तीन, छोटी चोरी असली तरी फिर्याद द्या. तिची प्रत मोफत मिळते आणि विम्याला तीच लागते. मात्र नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही, तेवढं घरी जाऊन पॉलिसीत पाहा. चार, रात्री आवाज आला तर एकट्याने बाहेर धावू नका. पण दिवा लावा, खिडकीतून हाक मारा, शेजाऱ्याला फोन करा, 112 लावा. एका घरात दिवा लागला की दुसऱ्या घरात लागतो. चोराला तेवढं पुरे असतं.

सोसायटीने पाणी आणलं, रस्ते केले, झाडं लावली. पण भिंतीला भिंत लागून राहणं म्हणजे शेजार नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

ती माउली आज समोर बसली आहे. वहिनी, त्या रात्री तो आवाज मले आला होता. मी उठलो नाही. सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. पुढच्या वेळी माझ्या घरचा दिवा पहिला लागेल, एवढा शब्द देतो.