पाडव्याच्या रात्री आभाळातून पडलेली रिंग

नाशिकच्या इंदिरानगरमधून मी बचत गटाची समन्वयक बोलतेय. आजचा विषय कर्जाचा नाही, पापड-मसाल्याचाही नाही. आमच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, चहा आला आणि एका मावशींनी जुनी गोष्ट काढली. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. त्या रात्री विदर्भ-खानदेशाच्या आभाळात पेटत्या ठिणग्यांची रांग सरकत गेली होती, आठवतं? माझ्या नणंदेनं जळगावकडून फोन केला होता, "वहिनी, बाहेर ये, आभाळ पेटलंय." आमच्या गल्लीतून काहीच दिसलं नाही. मोबाईलवर मात्र कुणी क्षेपणास्त्र म्हणत होतं, कुणी परग्रहावरचं विमान.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक मोठी रिंग येऊन पडली. सुमारे ३ मीटर व्यासाची, ४० किलोहून जड. दुसऱ्या दिवशी जवळच्या पवनपार भागात धातूचा एक गोळाही सापडला. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. चीनच्या चांग झेंग ३-बी या रॉकेटचा, २०२१ मध्ये वर गेलेला, उरलेला भाग जळत खाली आला असावा, असं जाणकारांनी लगेच सांगितलं.

मावशींचा प्रश्न साधा होता. "एवढं मोठं धूड येत होतं, तर कुणाला आधी दिसलं नाही का गं?"

मी बी.ए. झालेली बाई, विज्ञान दहावीत सुटलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचलं.

विहिरीत वाकून हाक मारली की हाक परत येते. रडार तेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओ लहरी सोडतं. लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतात. हजार किलोमीटरवरच्या वस्तूला लागून त्या परत यायला सेकंदाचा साधारण १५०वा भाग लागतो. वेळ मोजला की अंतर कळतं. आणि नाशिकरोडला गाडी जवळ येताना भोंगा बारीक ऐकू येतो, लांब जाताना जाड होतो ना, तसा परतलेल्या लहरीचा सूरही बदलतो. त्यावरून वस्तूचा वेग कळतो.

अडचण अशी की अंतर दुप्पट झालं, तर परत येणारा प्रतिसाद अर्धा होत नाही, १६ पट कमी होतो. जाताना लहर पसरते, येतानाही पसरते. म्हणून लांबचं बघायला एक-दोन अँटेना पुरत नाहीत, हजारो लागतात. श्रीहरिकोट्याला इस्रोचं असं एक रडार आहे. त्यात ४,६०८ छोटे अँटेना एका भिंतीसारख्या चौकटीत बसवलेत. हजार किलोमीटरवरची अर्धा मीटर लांब-रुंद वस्तू ते ओळखू शकतं. याला फेज्ड अ‍ॅरे रडार म्हणतात.

यातली खरी गंमत मला घाटावर उमगली. समजा गोदावरीच्या पायरीवर आपण वीस जणी ओळीनं बसलोय. सगळ्यांनी एकाच क्षणी खडा टाकला, तर लाट सरळ समोर जाते. पण डावीकडून सुरू करून एकीनंतर एकीनं, अगदी थोड्या अंतरानं टाकला, तर लाट उजवीकडे तिरकी जाते. बायका जागच्या हलल्या नाहीत, लाट मात्र वळली. हे रडार नेमकं तेच करतं. कोणत्या अँटेनानं किती उशिरा लहर सोडायची एवढंच बदललं की झोत दुसरीकडे वळतो. परतलेली लहर ऐकतानाही हाच हिशेब उलटा लावतात. मोठी थाळी यंत्रानं फिरवत बसायची गरज नाही, झोत डोळ्याचं पातं लवायच्या आत वळतो. पंगतीत वाढणारी बाई एका पानावर भात, दुसऱ्यावर वरण वाढून परत पहिल्याकडे येते, तसं ते एका वस्तूकडून दुसरीकडे जात एकाच वेळी दहा वस्तूंवर नजर ठेवू शकतं.

असं पुन्हा पुन्हा पाहिलं की वस्तूची वाट आखता येते आणि ती पुढे कुठे असेल ते काढता येतं. जगात अशा हजारो वस्तूंची नोंदवही ठेवली जाते. रिंग कुठल्या रॉकेटची, हे इतक्या लवकर सांगता आलं ते त्या नोंदींमुळेच.

मग गावाचं नाव आधी का सांगता येत नाही? रेडिओ लहर सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. वस्तू क्षितिजावर आली की काही मिनिटं दिसते, मग पलीकडे जाते. पुढचं सगळं गणितावर. त्यात वरची विरळ हवा कधी दाट होते, कधी पातळ, आणि वस्तू गडगडत, तुटत येते. वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर, म्हणजे नाशिकहून मुंबई वीस-बावीस सेकंदांत! सिंदेवाही आपल्यापासून सरळ रेषेत ६०० किलोमीटरच्या आसपास. अंतराच्या हिशेबानं अंदाज सव्वा मिनिट चुकला, तरी सिंदेवाहीच्या जागी नाशिक येऊ शकतं. आणि हे अंदाज बऱ्याचदा तासांनी चुकतात.

हे ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हणजे पडल्यावरच कळणार." हो, बहुतेक वेळा तसंच. मग पडल्यावरचं तरी नीट माहीत हवं.

हात लावायचा नाही. टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश असू शकतो. भंगार म्हणून विकायचा मोह तर अजिबात नको, पोरांनाही लांब ठेवायचं. पोलीस पाटील, तलाठी किंवा पोलीस ठाण्याला कळवायचं. लाडबोरीची रिंगही पोलिसांकडेच गेली.

आणि शेत, घर, जनावर यांचं नुकसान झालं तर पंचनामा करून घ्यायचाच, फोटोसकट. १९७२चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतही त्यात आहे. आकाशातून पडलेल्या वस्तूनं जमिनीवर नुकसान केलं, तर ती सोडणारा देश भरपाईला बांधील असतो, त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा उपग्रह कॅनडात पडला, तेव्हा कॅनडानं ३० लाख डॉलर वसूल केले. दावा आपलं सरकार करतं, पण साधारण वर्षाच्या आत करावा लागतो. तलाठ्याच्या कागदावर तारीख, वेळ आणि गट नंबर नसेल, तर सरकारनं मागायचं कशाच्या जोरावर?

मावशींनी हा पंचनाम्याचा मुद्दा गटाच्या ठराववहीत लिहून घ्यायला लावला. सचिव हसत होती, पण तिनं लिहिलं.