गाठीचा तुकडा कुठे गेला?

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘मायक्रोआरएनए’वर बोलायला सांगितलंय. शब्द अवघड आहे, पण घाबरू नका. मी डॉक्टर नाही. मिरजेत एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं ऑपरेशनमध्ये काढलेल्या मांसाच्या तुकड्यांवर काम करते. सुरुवात मात्र घरापासून करते.

माझ्या नणंदेच्या छातीतली गाठ तालुक्याच्या गावी काढली. “वहिनी, साधी गाठ होती म्हणाले,” एवढंच ती बोलली. वर्षभराने पुन्हा गाठ आली. या वेळी ती कर्करोगाची निघाली, काखेपर्यंत पोचलेली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?” रिपोर्ट नव्हताच. गाठ तपासायला पाठवलीच नव्हती, फेकून दिली होती. मी याच कामात, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. म्हणून आज बोलतेय.

तुकडा नीट आला तर आम्ही काय करतो? तो फॉर्मालिनमध्ये मुरवतो, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतो. केसाहूनही पातळ काप काढून काचपट्टीवर घेतो, रंगवतो. डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघून निदान करतात. हीच आजही मुख्य तपासणी.

आता मायक्रोआरएनए. आपल्या पेशीत जनुकांचे निरोप ये-जा करत असतात. काही अगदी आखूड तुकडे, साधारण २२ अक्षरांचे, या निरोपांना चिकटून त्यांना गप्प करतात. कोणतं प्रथिन किती बनायचं, यावर असा लगाम राहतो. कर्करोगात हा लगाम बिघडतो. ‘मिर-२१’ नावाचा तुकडा स्तनाच्या आणि इतर अनेक कर्करोगांत वाढलेला दिसतो, ‘लेट-७’ पुष्कळदा घटलेला.

पहिला मायक्रोआरएनए १९९३ साली एका बारीक कृमीत सापडला. त्यासाठी २०२४ चं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना मिळालं. अँब्रोस यांच्या त्या निबंधावर पहिलं नाव रोझलिंड ली यांचं आहे, दुसरं रोंडा फाइनबॉम यांचं. दोघी बायका. बक्षिसाच्या यादीत त्या नाहीत. प्रयोगशाळेचं टेबलही काही आपल्या घरापेक्षा फार वेगळं नाही!

हे तुकडे मोजायचे कसे? ठोकळ्याचे काप घेऊन मेण विरघळवायचं, आरएनए वेगळं करायचं. लांब आरएनए फॉर्मालिनमध्ये तुटतं, हे आखूड तुकडे बरेचसे टिकतात. म्हणून वर्षानुवर्षं जपलेला ठोकळाही बोलू शकतो. तुकडा फारच आखूड असल्याने त्याला आधी शेपूट जोडून लांब करतात आणि त्याची डीएनए नक्कल काढतात. मग पीसीआर, करोनात ऐकलेलं तेच. प्रत्येक फेरीत नकला जवळपास दुप्पट होतात. एका नमुन्यात खूण तीन फेऱ्या आधी उमटली, तर तिथे तो तुकडा सुमारे आठपट. अर्थात शेजारी निरोगी मांसाचा नमुना आणि फारसा न बदलणारा एखादा आरएनए तुलनेला हवाच. तराजूला दुसरं पारडं नसेल तर वजन कसलं?

दुसरी रीत म्हणजे काचपट्टीवरच त्या तुकड्याला जुळणारा धागा चिकटवून रंग आणणं. त्यात तो नेमका कोणत्या पेशीत आहे ते दिसतं. शेकडो तुकडे एकदम बघायचे तर मायक्रोॲरे किंवा सिक्वेन्सिंग लागतं.

पण हेही ऐका. तुकडा फॉर्मालिनमध्ये उशिरा पडला, गाठीबरोबर निरोगी मांस मिसळलं, तुलनेचा आरएनए चुकीचा निवडला, की आकडा बदलतो. म्हणून एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीत जुळतोच असं नाही. हे तंत्र अजून मुख्यतः संशोधनात आहे, रोजच्या निदानात रुळलेलं नाही. “एका रक्ततपासणीत सगळे कर्करोग कळतात” असं सांगून कुणी पैसे मागितले, तर पुरावा मागा.

आणि संशोधन होतं कुणाच्या शरीरावर? आपल्याच. कराडच्या कृष्णा इन्स्टिट्यूटमध्ये आपल्या भागातल्या बायकांच्या स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर जनुकांचे अभ्यास झाले आहेत. असे अभ्यास व्हायलाच हवेत. परदेशी बायकांच्या आकड्यांवर आपलं निदान किती दिवस चालवायचं? पण संमतीचा कागद मराठीत, वाचून आणि समजावून, मगच अंगठा. उरलेला तुकडा संशोधनाला वापरायचा तर २०१७ च्या आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमतीचा किंवा नैतिकता समितीच्या परवानगीचा प्रश्न येतोच.

बीडच्या ऊसतोड बायका आपल्याच कारखान्यांच्या फडात येतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे पाहणी आली : ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. कित्येकींना कर्करोगाची भीती घातली होती. माझ्या मनात एकच प्रश्न येतो. भीती खरी होती, तर काढलेली किती गर्भाशयं तपासायला गेली? किती जणींच्या हातात रिपोर्ट आहे?

म्हणून गावोगाव एवढं सांगा. ऑपरेशनआधी विचारा : काढलेला भाग तपासायला जाणार का? तो फॉर्मालिनमध्येच जाऊ दे, भरपूर फॉर्मालिन आणि मोठ्या तोंडाची बरणी. सलाइनमध्ये किंवा कोरडा नको. बरणीवर नाव घाला. रिपोर्ट लेखी घ्या. दुसरीकडे दाखवायचं असेल तर ठोकळा आणि काचपट्ट्या मागा.

याच भागात परित्यक्ता बायकांनी रेशनकार्डावर स्वतःचं नाव मागितलं होतं. तेव्हा लोक म्हणाले, एका कागदाने काय होणार? काय झालं ते तुम्ही जाणता. हा रिपोर्टही तसाच कागद आहे. रेशनकार्डाशेजारी ठेवा.

नणंदेचे उपचार चालू आहेत. तिचा ठोकळा आमच्या कपाटात आहे, नंबर घालून. पहिल्या गाठीचा मात्र नाही. ती जागा मला रोज दिसते.