यंत्राची कोलांटउडी



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर दिवसा गणित शिकवीत आणि सायंकाळी मल्लखांबापाशी उभे असत. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या या बडोद्यात त्यात नवल नव्हे. म्हणून आज मी दोहोंना स्पर्श करणारा विषय निवडला आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पीएच.डी.चे संशोधन करीत असताना शुए बिन पेंग यांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली 'डीपमिमिक' ही पद्धती मांडली. वजन आणि सांधे असलेल्या, परंतु केवळ संगणकात वावरणाऱ्या मनुष्याकृतीला मागची कोलांटउडी कशी शिकवावी, असा प्रश्न होता. प्रत्येक सांध्याचा जोर तज्ज्ञाने लिहून देण्याचा मार्ग जुना आणि कष्टाचा. दुसरा मार्ग प्रयत्नाचा व गुणांचा. लंडनच्या डीपमाइंड संस्थेने २०१७ साली मुख्यतः पुढे सरकण्याबद्दल गुण दिले. आकृती धावली, अडथळेही ओलांडू लागली. हात मात्र वेड्यासारखे हवेत फिरवीत! हातांविषयी गुणपत्रिकेत फारसे काही नव्हतेच.

पेंग यांनी कसलेल्या माणसाच्या हालचालींची नोंद आदर्श म्हणून पुढे ठेवली. आकृती आदर्शाच्या जितकी जवळ, तितके गुण अधिक. तरीही कोलांटउडी साधेना. अर्धवट फिरून डोक्यावर आपटण्यापेक्षा ताठ उभ्यानेच मागे लहानशी उडी घेणे तिला अधिक किफायतशीर वाटे. उडीच्या अखेरीस केवढे गुण ठेवले आहेत, हे तिला कळणार कसे? तेथवर ती कधी पोहोचलीच नव्हती.

यावरचा उपाय मला फार मोलाचा वाटतो. सराव दर वेळी आरंभापासून करावयाचा नाही. आदर्श हालचालीतील कोणताही क्षण निवडून आकृतीला तेथेच ठेवावयाचे. कधी हवेत उलटी, कधी जमिनीला पाय टेकण्याच्या बेतात. मल्लखांबाचे वस्ताद मुलाची कंबर धरून त्याला थेट पकडीत बसवितात, तेच हे. वाट कळण्याआधी मुक्काम अंगाला कळतो. आपण वर्गात मात्र मुलाला पहिल्या पायरीवरच वर्षानुवर्षे उभे करतो आणि गणितातील गंमत वरच्या मजल्यावर कुलूपबंद ठेवतो.

दुसरी युक्ती अशी की, धड वा डोके जमिनीला लागताच तो प्रयत्न तेथेच संपवावयाचा. नाहीतर आकृती पडल्यापडल्या हातपाय झाडण्यातच वेळ घालविते. ही युक्ती शाळेने उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राला दोन दिवसांत सुमारे ६ कोटी नमुने मिळतात; सेकंदाला ३० या हिशेबाने तो अहोरात्र २३ दिवसांचा सराव झाला. एक प्रयत्न फुकट गेला तर त्याचे काय जाते? नापासाचा शिक्का बसून शाळा सुटलेल्या मुलाला पुढचा प्रयत्न कोण देणार?

संगणकातील जमीन आणि खरी जमीन यांतही अंतर आहेच. २०२० साली पेंग व गूगलमधील संशोधकांनी कुत्र्याच्या चालीची नोंद घेऊन एका चौपायी यंत्राला चालणे आणि गोल फिरणे शिकविले. संगणकातील सरावात वजन, घर्षण आणि मोटारींचा जोर सतत बदलता ठेवला. मग खऱ्या फरशीवर थोड्या प्रयत्नांत ते यंत्र जुळवून घेऊ शकले. मोठ्या उड्या आणि वेगवान धाव मात्र त्या वेळी त्याला साधली नाही.