चाकावरची शून्यं

रूलेटच्या चाकाचं पहिलं नीटस वर्णन सापडतं ते 1796 च्या पॅरिसमधलं. पास्काल या गणितज्ञाच्या खटपटीतून हे चाक जन्मलं असं सांगतात. कथा गोड आहे, पुरावा तोकडा. चाकावर 1 ते 36 आकडे आणि सोबत दोन शून्यं, 0 आणि 00. एका आकड्यावर रुपया लावला आणि तो आला, तर हाती पडतात 36. घरं मात्र 38! खेळवणाऱ्याचं पोट त्या जादा दोन घरांवर चालतं. लागलेल्या शंभरातले सरासरी 5 रुपये 26 पैसे त्याचे.

फ्रान्समध्ये जुगारबंदी झाल्यावर जुगार चालवणारे ब्लाँ बंधू जर्मनीतल्या होम्बुर्गला गेले आणि 1843 मध्ये त्यांनी एक शून्य काढून टाकलं. दानत म्हणून नव्हे, शेजारच्या अड्ड्यांचं गिऱ्हाईक ओढायला. वाटा 2 रुपये 70 पैशांवर आला. पुढे फ्रान्स्वा ब्लाँ हेच चाक घेऊन माँटे कार्लोला गेला. अमेरिकेत मात्र न्यू ऑर्लिन्सच्या वाटेनं आलेलं दोन शून्यांचं चाक तसंच राहिलं. आज अमेरिकन म्हणून मिरवतं ते खरं जुनं पॅरिसचंच. लास वेगासमध्ये तर अलीकडे तिसरं शून्यही बसलं, वाटा 7.69. कॅलिफोर्नियात नुसत्या चाकावर निकाल लावायला कायद्याची आडकाठी, म्हणून तिथे पत्ते मदतीला घेतात.

पत्त्यांवरून आपल्या गिरणगावात येऊ. इथं चाक नव्हतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेनं मुंबईत यायचे, त्यांवर आकडा लागायचा. ती सोय 1961 मध्ये संपली. 1962 मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी मटका सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्रींनी आपला वेगळा काढला. तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा आकडा धरायचा. 5, 3, 6 आले तर 14, म्हणजे ओपनला चार. मग तसाच क्लोज, आणि दोन्ही मिळून जोडी. पाळी सुटलेला कामगार चिठ्ठी घ्यायचा ती बुकीच्या शब्दावर.

भाव काय? एकाला नऊ. आकडे दहा, मिळणार नऊ. म्हणजे शंभरातले दहा रुपये खेळवणाऱ्याचे! माँटे कार्लोच्या सरदार-उमरावांना जो वाटा द्यावा लागे, त्याच्या जवळजवळ चौपट आपला साचेवाला देत होता, आणि तोही आठवड्याच्या बाजारातून काढून. इथं जादा घर दिसत नव्हतं, ते भावात मुरलेलं होतं. याचा हिशेब त्या काळी कुणी जाहीर सभेत मांडायला हवा होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, तेव्हा हे गिऱ्हाईकही पांगलं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रानं 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही, आणि 2023 मध्ये रद्द केला. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर चाक फिरतंच आहे. तिथं कुणी जातं असं मी म्हणत नाही. पण गेलातच, तर बसण्याआधी शून्यं मोजा.