हिरवं बटण आणि मानववंशशास्त्रज्ञ

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



‘मुलगी मानसशास्त्रात पीएचडी करते आहे. आता म्हणते, इंटरॅक्शन डिझाइनमध्ये जायचंय. मग इतकी वर्षं शिकली ते पाण्यातच गेलं ना?’ मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला हे विचारलं. दोन घोटांत संपणारं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांना म्हटलं, समोर येऊन बसा.

यंत्रासमोरच्या माणसाला काय दिसावं, त्याने काय करावं आणि त्यावर यंत्राने काय उत्तर द्यावं, हे ठरवण्याचं काम म्हणजे इंटरॅक्शन डिझाइन. १९८०च्या दशकात बिल मॉग्रिज आणि बिल व्हरप्लँक या दोघांनी त्याला हे नाव दिलं. मॉग्रिज वस्तूंना आकार देणारे डिझायनर, तर व्हरप्लँक एमआयटीचे पीएचडी. याच क्षेत्रात नाव झालेले डोनाल्ड नॉर्मन मूळचे मानसशास्त्रातले; त्यांची पीएचडी १९६२ची, आणि ते अ‍ॅपलमध्ये गेले १९९३ साली, सॅन डिएगोच्या विद्यापीठात प्राध्यापकी करून. म्हणजे प्रबंध लिहून इकडे वळलेली माणसं या क्षेत्रात पहिल्यापासून आहेत. पण आज मला जरा सावकाश सांगायचंय ते ल्यूसी सचमन यांच्याबद्दल.

सचमन बर्कलीला मानववंशशास्त्रात पीएचडी करत होत्या. मानववंशशास्त्र म्हटलं की आपल्याला दूरचं बेट आणि तिथले विधी आठवतात. या बाई पोहोचल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोमधल्या प्रयोगशाळेत. कंपनीने एक मोठं, भरपूर सोयी असलेलं कॉपी मशीन बाजारात आणलं होतं आणि ग्राहक म्हणत होते, हे आम्हाला झेपत नाही. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी उपाय काढला, की मशीनलाच मदतनीस संगणक जोडायचा आणि एकेक पायरीची सूचना पडद्यावर दाखवायची.

सचमन यांनी तिथे कॅमेरा लावला आणि माणसांना जोडीजोडीने मशीनसमोर उभं केलं. जोडीने का? एकटा माणूस अडला तर मनातल्या मनात अडतो. दोघं असले की ‘अरे, हे काय झालं?’, ‘थांब, आधी ते बघ’ असं बोलतात, आणि गोंधळ आपसूक टेपवर येतो. मग त्यांनी चार रकान्यांचा तक्ता मांडला. माणसांच्या ज्या कृती मशीनला कळत नाहीत त्या पहिल्या रकान्यात, ज्या कळतात त्या दुसऱ्यात. मशीनने जे दाखवलं ते तिसऱ्यात, आणि तसं दाखवण्यामागचा डिझाइनचा हेतू चौथ्यात. मशीनला कळायचं ते मोजकंच: बटण दाबलं, झाकण उघडलं. माणसांचा आपसातला सल्ला, शंका, चुकलेला अंदाज हे सगळं त्या पहिल्या रकान्यात पडून राहायचं. मशीन समजायचं, आपल्या योजनेप्रमाणे चाललंय. आणि माणसं समोर जे दिसेल त्यावरून पुढचं पाऊल ठरवत असायची. हा तक्ता मी आजही नव्या मुलांना काढायला लावतो. साधी कागदपेन्सिल पुरते.

त्या टेपवरच्या एका जोडीत अ‍ॅलन न्यूएल होते. १९७५ चं ट्युरिंग पारितोषिक मिळवलेले, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जनकांपैकी एक. माणूस आधी योजना आखतो आणि मग ती पार पाडतो, या विचाराचे हे मोठे पुरस्कर्ते. आणि पाठपोट प्रती काढताना ते मशीनसमोर अडले होते! अशा माणसाला कोणी अडाणी म्हणणार नाही. सचमन यांना १९८४ साली पीएचडी मिळाली आणि १९८७ साली त्या कामाचं पुस्तक झालं.

पुढे एक दंतकथा पसरली, की एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी झेरॉक्सला मोठं हिरवं बटण सुचवलं. सचमन यांनी स्वतः ती खोडून काढली आहे. बटण आधीपासूनच होतं, जाहिरातीतही होतं. शिकायला जी मेहनत पडते ती त्या बटणामागे झाकली जाते, हे त्यांचं म्हणणं होतं. कंपन्यांना मात्र बटणाची गोष्ट आवडते, कारण तिच्यात संशोधनातून थेट वस्तू निघते.

त्या गृहस्थांना मी हेच सांगेन. मुलीच्या प्रबंधाचा विषय नोकरीत बहुधा कामाला येणार नाही. अडलेल्या माणसाला बोल न लावता तो का अडला ते बघत बसण्याची जी सवय लागली, ती येईल. ती सवय कोणत्याही सॉफ्टवेअरच्या क्लासात मिळत नाही.

आता कडू भाग. प्रबंधात कारण सापडलं की प्रकरण संपतं. कंपनीत कारण सांगितलं की समोरचा विचारतो, ‘बरं, मग काय करू?’ इथे अनेक संशोधक गळाठतात. ‘अजून अभ्यास हवा’ हे शेवटच्या प्रकरणातलं आवडतं वाक्य तिथे चालत नाही. स्टुअर्ट कार्ड हे मानसशास्त्रज्ञ या बाबतीत मला आदर्श वाटतात. त्यांनी माउस, जॉयस्टिक आणि बाणांच्या कळा यांची तुलना केली, ती १९७८ साली छापून आली. हात लक्ष्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ अंतरावर आणि लक्ष्याच्या आकारावर ठरतो, हा पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम त्यांनी लावून पाहिला. माउसचा वेग हाताच्याच मर्यादेला जवळपास टेकलेला निघाला. म्हणजे त्याहून फार वेगवान साधन शोधण्यात हशील नाही. सिद्धांतातून निघालेला असा निर्णय कंपनीला वापरता येतो.

म्हणून मुलाखतीला प्रबंध नेऊ नका. त्यातला एक प्रसंग न्या: कोण अडलं, तुम्ही काय पाहिलं, काय बदललं, बदलल्यावर पुन्हा काय पाहिलं. बदललं काहीच नसेल, तर आधी काहीतरी बदलून या. कागदावर काढलेले पडदेही चालतात.

आपल्याकडे हे करायला विषयांची वाण नाही. देवनागरी टंकलेखनच घ्या. पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र १९६९ पासून आहे. तिथे प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलक केला. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उमटतं. बाराखडी घोकलेल्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही. असं सुचायला लिपीची घडणही कळावी लागते आणि बोटाची चालही. मराठीत भाषाशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या किती जणांना ही आपली वाट वाटते? मला फार कमी भेटले.

रीतसर शिकायचं असेल तर सीड ही डिझाइनच्या अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा आहे. ती आयआयटी मुंबई घेते आणि तिला वयाची अट नाही. चित्रकलेची धास्ती अनेकांना असते. थोडं रेखाटन लागतं, ते सरावाने जमतं. आणि संशोधन सुटतच नसेल, तर डिझाइनमध्येही पीएचडी करता येते.