मधुमेह आणि श्वासाचा दम

श्वास आत घेण्याचे मुख्य काम डायफ्रॅम करतो. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू दिवसाला सुमारे २०,००० वेळा आकुंचन पावतो. हृदय सोडले तर इतकी बिनरजेची नोकरी दुसऱ्या स्नायूला नाही. मधुमेह म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. व्याख्यानाला येणाऱ्या निम्म्या मंडळींच्या खिशात रिपोर्ट असतोच. त्या रिपोर्टात डोळे, मूत्रपिंड, पाय सगळे असते, श्वासाचे स्नायू मात्र नसतात. ते असायला हवेत, एवढाच या व्याख्यानाचा हट्ट.

या स्नायूंची ताकद आणि त्यांचा दम वेगळा मोजावा लागतो. भरलेला हंडा एकदा उचलणे निराळे आणि तो विहिरीपासून घरापर्यंत नेणे निराळे. बंद नळीतून जोराने श्वास ओढायला लावला की ताकद कळते. दमासाठी १२ सेकंद शक्य तितका जलद व खोल श्वासोच्छ्वास करायला लावतात, किंवा ठरावीक अडथळ्याविरुद्ध किती मिनिटे श्वास घेता येतो ते पाहतात. मधुमेहींमध्ये दोन्ही आकडे कमी भरल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. साखर कोलॅजेनला चिकटून फुप्फुस व छातीचा पिंजरा ताठर करते, त्यामुळे प्रत्येक श्वासाचे काम वाढते. स्नायूतील केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, पेशींतील ऊर्जानिर्मिती मंदावते. मानेतून डायफ्रॅमकडे उतरणारी फ्रेनिक नसही मधुमेहामुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या विकारातून सुटतेच असे नाही.

पर्वतीची टेकडी चढताना मधल्या पायरीवर थांबलेला गृहस्थ ‘पाय भरून आले’ म्हणतो आणि दृश्य पाहायला थांबल्याचा आव आणतो. दोष पायांचाच असेल असे नाही. जोराच्या श्रमात श्वासाचे स्नायू थकू लागले की त्यांच्याकडून निघालेल्या संदेशांमुळे पायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. पायांचा रक्तपुरवठा घटतो आणि पाय लवकर थकतात. दम नेहमीच फुप्फुसांचा नसतो, तसा पायांचाही नसतो, तो अनेकदा डायफ्रॅमचा असतो.

हा सगळा प्रताप सुटलेल्या पोटाचा, असा आक्षेप येतो. पोटाचा घेर डायफ्रॅमवर दाब आणतो हे खरेच. पण पहिल्या प्रकारच्या मधुमेहातही, म्हणजे बहुधा सडपातळ रुग्णांतही, हा अशक्तपणा दिसला आहे.

वेळ संपत आल्याने उपाय थोडक्यात. अडथळ्याच्या छोट्या उपकरणातून रोज श्वास ओढण्याचा सराव बहुधा मोजलेल्या कमाल ताकदीच्या ३० टक्क्यांपासून सुरू करतात. काही आठवड्यांत ताकद वाढते. शस्त्रक्रियेनंतर मिळणारे तीन चेंडूंचे यंत्र यासाठी नाही, त्यात ठरवून वाढवता येईल असा भार नसतो. आणि मधुमेहीला नव्याने धाप लागू लागली, तर आधी हृदय व हिमोग्लोबिन तपासावे. मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखताही येतो आणि धाप हेच त्याचे पहिले लक्षण असू शकते.