बदली होते ती कोणाची?

सरकारी दप्तरांत बदली म्हणजे एका माणसानें एक खुर्ची सोडून दुसरीवर बसणें. घराच्या बाजूनें पाहिलें तर मुलांची शाळा, पत्नीची नोकरी, वृद्ध आईवडिलांचा ओळखीचा डॉक्टर, वाण्याकडील खातें, हें सारें एका कागदासरशीं जागचें हलतें. हुकूम निघतो एकाच्या नांवें. सामान बांधतें सगळें घर.

नियम करणाऱ्यांनीं कांहींच विचार केला नाहीं, असें मात्र नव्हे. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांप्रमाणें नव्या गांवीं रुजू होण्यास एक हजार किलोमीटरपर्यंत साधारणतः १० दिवस, दोन हजारांपर्यंत १२ आणि त्यापुढें १५ दिवस मिळतात. हिशेब चोख आहे. पण तो अंतराचा. पुण्यासारख्या शहरांत भाड्याचें घर मिळण्यास किती दिवस लागावे, हें आगगाडीच्या अंतरावरून ठरत नाहीं.

‘डिझाइन थिंकिंग’ ह्या नांवानें हल्लीं जी विचारपद्धति ओळखली जाते, ती नेमकें येथेंच बोट ठेवते. ज्याच्यासाठीं योजना करावयाची त्याचे दिवस कसे जातात तें आधीं पाहावें, अडचण त्याच्याच तोंडून ऐकावी, लहानसा प्रयोग करावा, चुकेल तें सुधारावें आणि मगच नियम बांधावा. शिंपी माप घेतल्यावांचून कातर चालवीत नाहीं, इतकी ही गोष्ट साधी आहे. नवल एवढेंच कीं कचेऱ्यांना ती मुद्दाम शिकावी लागते.

तरी भारतांत तिचें एक उत्तम उदाहरण त्या नांवाची चर्चा होण्यापूर्वींच घडलें. बदलीच्या नोकरींतील लोकांचीं मुलें दर प्रांतांत नव्या अभ्यासक्रमांत आणि नव्या भाषेंत अडखळत. १९६३ सालीं लष्करी पलटणींच्या २० शाळा हातीं घेऊन केंद्रीय विद्यालयांचा आरंभ झाला. सर्वत्र अभ्यासक्रम एकच, आणि बदली होऊन आलेल्याच्या मुलाला वर्षाच्या मध्यावरही प्रवेश. येथें भत्ता वाढविला नाहीं. अडचणच दूर केली. मोटारींची ‘बीएच’ नोंदणी २०२१ सालीं निघाली तीहि ह्याच जातीची.

पति किंवा पत्नी ह्यांच्या नोकरीचा प्रश्न मात्र तसाच आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यास दूरच्या बदलीसाठीं एका महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम एकदांच मिळते; घरांतील दुसरा पगार बुडतो तो दरमहा.

महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याप्रमाणें बदल्या सामान्यतः एप्रिल-मे महिन्यांत होतात. शाळेच्या सुटीशीं तें जुळतें खरें. परंतु शहरांतील पुष्कळशा शाळांचे प्रवेश त्याआधींच आटोपलेले असतात. एका जिल्ह्यांतील एका खात्यापुरती हीच विचारपूस एक वर्ष जानेवारींत करून पाहतां येईल. दहावीचें मूल कोणत्या घरांत आहे, अंथरुणाला खिळलेलें माणूस कोठें आहे, आणि दुसरी मिळकत कोणत्या गांवीं आहे, एवढे तीन प्रश्न तेवढ्यापुरते पुरे आहेत.